अर्ली स्टेजवाली मी

‘अगं, अर्ली आहे ना? मग काँग्रॅट्स!’

कॅन्सर झाला म्हणून कुणी तुमचं अभिनंदन केलंय कधी? माझं केलंय. टीममधल्या मैत्रिणीनं केलं, चुलतदिरानं केलं, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तर पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. ‘अर्ली’ हा शब्द त्या दोन महिन्यांत मी इतक्या वेळा ऐकला, की जणू मला कॅन्सर झालाच नव्हता, कुठल्याशा सेलमध्ये मी सगळ्यांच्या आधी पोचले होते!

त्यांचं चुकत होतं असं नाही हं. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर लवकर सापडला तर तो बरा होतो. अगदी छान बरा होतो. पाच वर्षांनंतर शंभरातल्या नव्वदहून जास्त बायका जिवंत असतात. हे मला माझ्या डॉक्टर मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि मी ते आकडे मोबाईलमध्ये लिहून घेतले. पण अर्ली म्हणजे फुकट नाही, हे मात्र कुणी सांगितलं नाही. ते आपलं आपल्यालाच कळतं.

ऑगस्ट २०२२. मी तेहतीस वर्षांची. हिंजवडीत नोकरी, बाणेरला फ्लॅट (म्हणजे बँकेचा, आम्ही राहतो इतकंच), लग्नाला पाच वर्षं, रविवारी सिंहगड, वर जाऊन पिठलं-भाकरी. कॅन्सर हा शब्द माझ्या डोक्यात सिगारेटच्या पाकिटावर होता आणि जुन्या हिंदी सिनेमात होता. माझ्यात असायचं त्याला काही कारण नव्हतं.

आमच्या कंपनीत दरवर्षी हेल्थ चेकअपचं कूपन मिळतं. तुमच्याही मिळत असेल. शुगर, लिपिड, डोळे, दात, छातीचा एक्स-रे, आणि सगळ्यात खाली, कुणाला दिसू नये अशा टायपात, ‘पॅप स्मिअर, स्त्रियांसाठी, ऐच्छिक’. ऐच्छिक म्हटल्यावर मी दोन वर्षं ‘नको’वर टिक केलं. एकदा पिरियड्सची तारीख जवळ होती. दुसऱ्यांदा काहीच नव्हतं, फक्त नको वाटलं. कोण तिथे पाय वर करून झोपणार? आणि त्याच दिवशी ब्लड टेस्टनंतर कंपनीच्या खर्चानं मिळणारं सँडविच मात्र मी सोडलं नव्हतं.

२०२१च्या दिवाळीनंतर कधीतरी ते सुरू झालं. संबंधानंतर दोन-चार थेंब रक्त. दर वेळी नाही, कधीमधी. इथे जरा स्पष्टच लिहिते, कारण मला हे कुणीतरी असं स्पष्ट लिहिलेलं वाचायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. पिरियड्सच्या मधे किंवा संबंधानंतर रक्त जाणं हे ‘होतं गं कधीकधी’ या सदरात टाकायचं नसतं. बहुतेक वेळा त्यामागे साधं कारण निघतं. पण ते साधं आहे की नाही, हे आत बघितल्याशिवाय कळत नाही.

मी एका डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी दोन प्रश्न विचारले, इन्फेक्शन असेल म्हणाल्या, ‘टेन्शन घेता का फार?’ असं विचारून पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. तपासलं नाही. राग येतो त्याचा, पण खरं सांगू का? त्या दिवशी मला सुटल्यासारखंच वाटलं होतं. तपासलं नाही म्हणजे बघण्यासारखं काही नसेल, असं मीच ठरवून टाकलं आणि पार्किंगमधून गाडी काढली.

मग आम्ही बाळाचं मनावर घेतलं. म्हणजे नवऱ्यानं आधीपासून घेतलं होतं, मीच एकेक प्रोजेक्ट संपवत होते. तर म्हटलं, आता एक चांगली गायनॅक गाठू. या नव्या मॅडमनी फॉलिक अ‍ॅसिड लिहायच्या आधी विचारलं, ‘शेवटचं पॅप कधी केलंत?’

‘कधीच नाही.’

‘मग आजच करू.’

पॅपचा रिपोर्ट वाईट आला. पुढची पायरी कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून आत बघणं. मॅडमनी गर्भाशयाच्या मुखावर पातळ केलेलं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावलं. अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड म्हणजे काय, आपलं चायनीजवर घालतो तेच व्हिनेगर जवळपास! जिथल्या पेशी बिघडलेल्या असतात तो भाग त्यानं मिनिटभरात पांढरा पडतो. स्क्रीनवर मला माझाच एक पांढरा डाग दिसला. याच व्हिनेगरच्या भरवशावर मुंबईत टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला होता, हे मी नंतर वाचलं. तपासायला मोठे डॉक्टर नव्हते, दहावीपर्यंत शिकलेल्या, ट्रेनिंग दिलेल्या आरोग्यसेविका होत्या. आणि २०१३ साली निकाल जाहीर झाला तेव्हा तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी निघाले. पण तेव्हा, त्या टेबलावर, मी फक्त तो डाग बघत होते.

बायोप्सी. आठ दिवस. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा.

घरी आलो. नवरा खूप वेळ गप्प होता. मग त्यानं विचारलं, ‘हा व्हायरसनं होतो ना? मग तो... आला कुठून?’

तर हा एचपीव्ही. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. या कॅन्सरच्या मुळाशी तो असतो हे शोधणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउजन यांना २००८ साली नोबेल मिळालं. तो शरीरसंबंधातून येतो, आणि येतो म्हणजे बहुतेक सगळ्यांनाच कधी ना कधी येतो. बायकांना, पुरुषांना. बहुतेकांच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत निघूनही जातो. थोड्या जणींत ठाण मांडून बसतो आणि पेशींचा कॅन्सर व्हायला मग दहा-पंधरा-वीस वर्षं लागतात. लग्नाआधीचा माझा एक मित्र नवऱ्याला माहीत होता. त्याची एक मैत्रीण मला माहीत होती. त्या रात्री आम्ही दोघंही मनातल्या मनात कॅलेंडर उलटं मोजत होतो, आणि समोरचा मोजतोय हे दोघांनाही कळत होतं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी त्याला समोर बसवून सांगितलं, ‘कुणाकडून, कधी, हे कुठलीच टेस्ट सांगू शकत नाही. तेव्हा तो प्रश्न इथेच सोडून जा.’ त्यानं सोडला. मला जरा जास्त वेळ लागला.

एमआरआयमध्ये गाठ १.८ सेंटीमीटर दिसली. २०१८ साली या कॅन्सरच्या स्टेजेस नव्यानं ठरल्या, त्यात पाच मिलिमीटरपेक्षा खोल गेलेली आणि दोन सेंटीमीटरपर्यंतची गाठ म्हणजे ‘वन-बी-वन’. त्याच्याही आधीची असती, नुसती मायक्रोस्कोपमध्ये दिसणारी, तर मुखाचा एक शंकूसारखा तुकडा काढून काम भागण्याची शक्यता होती. नंतरची असती, चार सेंटीमीटर किंवा वर, तर ऑपरेशनऐवजी रेडिएशन आणि त्याबरोबर केमो. मी मधली. मधल्या बायकांना चॉइस मिळतो.

आणि चॉइस म्हणजे काय होता बघा. एक, रॅडिकल हिस्टरेक्टमी. गर्भाशय, त्याचं मुख, बाजूच्या टिश्यू, योनीचा वरचा थोडा भाग आणि लिम्फ नोड्स, सगळं काढायचं. माझ्या वयात ओव्हरीज ठेवता येतात, म्हणजे मेनोपॉज येत नाही. दोन, रेडिएशन. बरं करण्यात ते ऑपरेशनच्या तोडीचं आहे, पण ओव्हरीज बंद पडतात, म्हणून तरुण बायकांना शक्यतो ऑपरेशन सुचवतात. आणि तीन, रॅडिकल ट्रॅकलेक्टमी. हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. फक्त मुख आणि आजूबाजूचा भाग काढायचा, गर्भाशय तसंच ठेवून खाली जोडून द्यायचं, आणि तोंडाशी एक कायमचा टाका घालायचा. दानिएल दार्जाँ या फ्रेंच सर्जननं १९८७ साली हे सुरू केलं. दोन सेंटीमीटरपर्यंतच्या गाठीत आणि नोड्स स्वच्छ असतील तर यातही कॅन्सर परत येण्याचा धोका फारसा वाढत नाही. दिवस राहू शकतात. बाळ वेळेआधी येण्याची भीती असते आणि सीझरच करावं लागतं. पण बाळ!

मी कुठलं निवडलं हे सांगायची गरज नाही.

मला ते रोबोनं करून हवं होतं. आम्ही आयटीवाले, आम्हाला वाटतं चार छोटी भोकं आणि एक महागडं मशीन म्हणजे प्रगती. कॅन्सर सर्जन (हेही बाईच, मितभाषी, अगदी साधी सुती साडी) म्हणाल्या, ‘नाही. पोट उघडून.’ मी पॉवर-पॉइंट असल्यासारखी कारणं मागितली, आणि त्यांनी दिली. २०१८ सालीच एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा निकाल आला होता. या कॅन्सरच्या रॅडिकल हिस्टरेक्टमीत दुर्बिणीनं किंवा रोबोनं ऑपरेशन झालेल्या बायकांपैकी साडेचार वर्षांनी ८६ टक्के कॅन्सरमुक्त होत्या, आणि जुन्या पद्धतीनं पोट उघडून केलेल्यांपैकी ९६.५ टक्के. सगळ्या जगातल्या सर्जन लोकांना आधी वाटत होतं त्याच्या बरोब्बर उलटं! ‘ट्रॅकलेक्टमीवर तो अभ्यास नव्हता,’ त्या म्हणाल्या, ‘पण मी तुमच्यावर पैज लावणार नाही.’ छोट्या व्रणासाठी मी हट्ट धरून बसले होते. लाज वाटली.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी संमतीपत्र. त्यात एक ओळ होती. आधी नोड्स काढून तिथल्या तिथे तपासणार. त्यात कॅन्सर निघाला तर ऑपरेशन थांबवून रेडिएशन. नोड्स स्वच्छ असतील तर मुख काढणार, त्याची वरची कड तपासणार, आणि कडेपाशी पुरेशी मोकळी जागा सुटली नसेल तर गर्भाशय काढणार. ‘मला उठवून विचारणार नाही का?’ मी खरंच विचारलं असं. सर्जननी माझ्याकडे बघितलं, आणि चष्मा काढला. ‘म्हणूनच आज विचारतेय.’

नवरा शेजारी उभा होता. मी त्याच्याकडे न बघता सही केली. आजपर्यंत कर्जाच्या कागदावरसुद्धा मी इतकी सुवाच्य सही केली नव्हती.

शुद्ध आली तेव्हा घसा कोरडा पडला होता आणि वेळ कळत नव्हती. नवरा वाकून म्हणाला, ‘नोड्स क्लिअर आहेत. सगळे क्लिअर.’

नोड्स आधी सांगितले त्यानं. मला कळलं.

वरच्या कडेला जागा सुटली नव्हती. गाठ एमआरआयमध्ये दिसली त्यापेक्षा वर सरकलेली होती. फायनल रिपोर्टमध्ये ती २.३ सेंटीमीटर भरली, म्हणजे मी ‘वन-बी-वन’ची ‘वन-बी-टू’ झाले. करिअरमधलं सगळ्यात झटपट प्रमोशन. बाकी सगळं चांगलं होतं. रक्तवाहिन्यांत पेशी शिरलेल्या नव्हत्या, बाजूच्या टिश्यू स्वच्छ, कडा स्वच्छ. रेडिएशनची गरज नव्हती. केमोची नव्हती. केस गळणार नव्हते. ‘बघ, किती लकी!’ फोनवर कुणीतरी म्हणालं. मी हो म्हटलं. खरंच होते.

या ऑपरेशनमध्ये मूत्राशयाच्या नसांना धक्का बसतो, म्हणून कॅथेटर बरेच दिवस ठेवतात. मी ती पिशवी घेऊन घरी आले. आणि माझी सेवा करायला धाराशिव जिल्ह्यातल्या एका खेड्यातून माझी मावशी आली. आईला गुडघ्यांमुळे वाकता येत नव्हतं, सासूबाई नाशिकला, आणि नवरा रजा संपवून मीटिंगांमध्ये. मावशी साठीची, काटक. येताना शेंगादाण्याची चटणी, ज्वारीचं पीठ आणि स्वतःची उशी घेऊन आलेली. माझी लघवीची पिशवी रिकामी करताना तिचा चेहरा दूध नासलंय की नाही बघावं तितकाच शांत असायचा.

एका रात्री झोप येत नव्हती म्हणून मी तिला सगळं सांगत होते. व्हायरस, व्हिनेगर, पांढरा डाग. मोठ्या बाईला समजेल अशा शब्दांत, जरा शिकवण्याच्या सुरातच म्हणा ना. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, ‘आगं, ते मला बी केलंतं की.’

‘काय केलंतं?’

‘तेच. तपासणी. बार्शीच्या दवाखान्याची माणसं आल्ती गावात. शाळेत पडदे लावले व्हते. तिशीच्या पुढच्या समद्या बायांला बोलावलं. मी काय जात नव्हते, पर तुझी आज्जी म्हनली, फुकट हाय, जा.’

मी उशी सरळ केली.

मावशीचं तपासणीत काहीतरी निघालं होतं. तिला बार्शीला बोलावून घेतलं. ‘आत कायतरी लावलं, लई गार लागलं, बर्फावानी. आन् सांजच्या यष्टीनं घरी आले. दुसऱ्या दिशी रानात.’ म्हणजे क्रायो. बिघडलेल्या पेशी गोठवून मारतात. कॅन्सर व्हायच्या आधीच. माझ्या दहा-पंधरा वर्षं आधीची पायरी तिनं एका दुपारी उरकली होती, आणि घरात त्याला ‘मावशीचं पिशवीचं कायतरी’ यापलीकडे नाव नव्हतं. आईलासुद्धा एवढंच माहीत. आई लग्न होऊन पुण्याला आलेली, ती त्या गावच्या यादीत नव्हतीच.

मी दुसऱ्या दिवशी लॅपटॉप मागून घेतला. तर हा साधासुधा कॅम्प नव्हता. १९९९पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात झालेला तो जगातल्या मोठ्या अभ्यासांपैकी एक होता. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था. ४९७ गावं. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका. गावांचे चार गट केले होते. एकात एचपीव्हीची टेस्ट, एकात पॅप, एकात व्हिनेगर, आणि चौथ्या गटात तपासणी नाही, नेहमीची जी काय व्यवस्था असेल ती. निकाल २००९ साली छापून आला. एचपीव्हीची टेस्ट, तीसुद्धा आयुष्यात फक्त एकदा, झालेल्या गटात या कॅन्सरनं ३४ बायका गेल्या. तपासणी न झालेल्या गटात ६४.

पुढे जगभरातल्या गाइडलाइन्समध्ये आपल्या या बायकांचे आकडे वापरले गेले. आणि चौथ्या गटावरून वादही झाला, तो व्हायलाच हवा होता. कुठलं गाव कुठल्या गटात, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं होतं. मावशीला मी विचारलं, तिच्या गावात कुठली टेस्ट झाली. तिला कसं माहीत असणार? ती म्हणाली, ‘आमच्या जाऊबाईच्या माहेरी कुनी आलंच न्हाई.’ आणि पिशवी घेऊन बाथरूमकडे गेली. जाऊबाईंच्या माहेरच्या कुणाचं काय झालं, ते मी विचारलं नाही.

त्या दिवसापासून मला ‘अर्ली’ या शब्दावरून हसू येतं. अर्ली मावशी होती. मी क्रेडिट कार्डवाली, मेडिक्लेमवाली, बिल्डिंगखाली पॅथॉलॉजी लॅब असलेली, आणि तिच्यासाठी मात्र सरळ दारात माणसं आली होती, सासूनं ढकललं होतं. भारतात २०२२ या एका वर्षात या कॅन्सरच्या सव्वा लाखाच्या वर नव्या केसेस झाल्या असा अंदाज आहे, आणि ऐंशी हजारांच्या आसपास मृत्यू. त्यातली एक केस मी. मृत्यूंच्या आकड्यात नाही, हे मी ज्यांना लकी म्हणू देते त्यांना म्हणू देते.

बारा दिवसांनी कॅथेटर निघालं. तीन महिन्यांनी ऑफिस. आता तीन वर्षं झाली. पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी तपासणी, आता सहा महिन्यांनी, पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत. परत यायचं असेल तर तो बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांतच येतो, म्हणून मी हळूहळू मोठा श्वास घ्यायला लागलेय. अपॉइंटमेंटच्या आधीचा आठवडा मात्र अजून तसाच जातो. नवरा त्या आठवड्यात भांडत नाही. त्यावरून मला तारीख लक्षात राहते.

बाकीचंही सांगते. लघवी लागलेली आधीसारखी कळत नाही, म्हणून घड्याळ लावून जाते. डावा पाय संध्याकाळी जरा सुजतो, नोड्स काढल्यामुळे. ट्रेकला स्टॉकिंग घालते. संबंधांची भीती जायला वर्ष लागलं. योनी थोडी आखूड होते, सुरुवातीला दुखतं, आणि त्याहून जास्त म्हणजे दोघांच्याही डोक्यात ‘पुन्हा रक्त आलं तर?’ असतं. याबद्दल फॉलोअपमध्ये कुणी आपणहून विचारलं नाही. मीच विचारलं, तिसऱ्या व्हिजिटला, नवऱ्याला बाहेर पाठवून. मग फिजिओथेरपिस्टचं नाव मिळालं. तर विचारा.

२०२४च्या फेब्रुवारीत या कॅन्सरचं नाव अचानक सगळ्यांच्या तोंडी झालं. एका मॉडेलनं आपण याच आजारानं गेलो अशी खोटी बातमी उठवली, जागृतीसाठी म्हणे. ऑफिसात दोन दिवस मला सगळे विचित्र नजरेनं बघत होते. योगायोग म्हणजे त्याच महिन्यात खरी बातमीसुद्धा होती, पण ती कुणी फॉरवर्ड केली नाही. सातशे बायकांच्या एका अभ्यासात दिसलं, की दोन सेंटीमीटरपर्यंतच्या, फार खोल न गेलेल्या गाठीत साधी हिस्टरेक्टमीसुद्धा रॅडिकलइतकीच पुरते. तीन वर्षांत ओटीपोटात कॅन्सर परत येण्याचं प्रमाण साध्या ऑपरेशननंतर २.५२ टक्के, मोठ्यानंतर २.१७. आणि मूत्राशयाचे त्रास साध्यात कमी. मी ते वाचून सर्जनना मेसेज केला. म्हणजे माझ्या नसा उगाच...? त्यांनी रात्री साडेदहाला फोन केला. ‘तुमची गाठ २.३ होती. तुम्ही त्या गटात बसला नसतात. तरी विचारलंत ते बरं केलंत.’ मला बरं वाटलं. मग वाईट वाटलं, की दोन-चार मिलिमीटर लहान असल्याचं दुःख मी करतेय. मग पुन्हा बरं वाटलं, माझ्या मागून येणाऱ्या कुणाला तरी हे घड्याळ लावावं लागणार नाही म्हणून.

आणि बाळ. ओव्हरीज आहेत. म्हणजे तत्त्वतः माझं-त्याचं मूल दुसऱ्या कुणाच्या पोटात वाढू शकतं. २०२१च्या कायद्यानं पैसे देऊन सरोगसी करण्यावर बंदी आहे. जी करेल तिनं आपखुशीनं करायची, तिचं लग्न झालेलं हवं, स्वतःचं मूल हवं, वय २५ ते ३५, आणि आयुष्यात एकदाच. आम्ही एका रविवारी नावांची यादी करायला बसलो. दोन नावं झाली. त्यातल्या एकीला मी अजून साधा ‘कशी आहेस’ असा फोनसुद्धा करू शकत नाही, तिला वाटेल मी त्यासाठीच केला. दत्तकाचंही बोलतो. कधी तो तयार असतो, कधी मी. दोघं एकाच दिवशी तयार होत नाही. सासूबाई काही बोलत नाहीत. पूर्वी बोलायच्या तेच बरं होतं असं कधीकधी वाटतं.

पुतणी चौदाची व्हायच्या आत तिच्या आईला मीच फोन करून लसीचं सांगितलं. आपल्या पुण्याच्याच सिरम इन्स्टिट्यूटची लस जानेवारी २०२३मध्ये आली. नऊ ते चौदा या वयात दोन डोस. ‘एवढ्या लवकर? ती लहान आहे गं,’ वहिनी म्हणाल्या. मी म्हटलं, लहान आहे म्हणूनच. दोन्ही डोस झाले. पुतणीचा हात दोन दिवस दुखला, तिनं क्लास बुडवला आणि मला थँक्यू म्हणाली.

राहिली आई. बासष्ट वर्षांची. आयुष्यात एकदाही तपासणी नाही. मी तीन वर्षं मागे लागले होते आणि तिची तीन उत्तरं ठरलेली होती. मला काही होत नाहीये. आता या वयात काय. आणि तिसरं, न बोलता, टीव्हीचा आवाज वाढवणं. गेल्या महिन्यात मावशी डोळे तपासायला पुण्याला आली. तिनं एका संध्याकाळी आईला फक्त एवढंच विचारलं, ‘आक्का, पोरीची पिशवी कोनी उचलली?’ आई उठून स्वयंपाकघरात गेली. सकाळी चांगली साडी नेसून तयार होती.

आम्ही तिघी गेलो. माझ्याच मॅडम. वेटिंग रूममध्ये आई पर्स घट्ट धरून बसली होती. आजूबाजूला सगळ्या पोटुशा मुली. तिचं नाव पुकारलं तेव्हा तिनं पर्स मावशीकडे दिली, चष्मा माझ्याकडे दिला, मग काय वाटलं कोण जाणे, चष्मा परत घेतला. सिस्टरनं पडदा ओढला.

‘आक्का,’ मावशीनं बाहेरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली, ‘गार लागंल बरं का! दचकू नको!’

आतून आईचा आवाज आला, ‘गप बस तू.’